कापूस आपला, कायदा जिनिव्हाचा, फिर्याद कुणाची?

कायदा म्हटला की आपल्या संघटनांच्या डोळ्यांसमोर ठरावीक विषय येतात. हुंडा, पोटगी, बलात्कार, कौटुंबिक हिंसा, फार तर समान वेतन. या कायद्यांसाठी आपण मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, पोलीस ठाण्यात रात्री काढल्या. ते करायलाच हवे होते आणि अजूनही करावे लागणार आहे. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कायद्याचा विषय निघाला की तो अर्थतज्ज्ञांकडे किंवा शेतकरी नेत्यांकडे सोपवून आपण मोकळ्या होतो. जणू त्या कायद्याचा आणि बाईच्या जगण्याचा काही संबंधच नाही.

डंकेल प्रस्ताव आला तेव्हा, म्हणजे १९९१ ते १९९४ या काळात, महाराष्ट्रात त्यावर मोठा वाद झाला. शरद जोशी खुल्या बाजाराच्या बाजूने उभे राहिले. डावे पक्ष आणि स्वदेशीवाले विरोधात गेले. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि भारत पहिल्या दिवसापासून तिचा सदस्य झाला. त्या सगळ्या वादात भर होता तो करारात जावे की जाऊ नये यावर. एक साधा प्रश्न मात्र बाजूला राहिला. उद्या कुणी करार मोडला आणि त्यात आपले नुकसान झाले, तर दाद मागायला जायचे कुणी आणि कुठे? तीस वर्षांनंतर वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या शेतात उभे राहून मला हाच प्रश्न विचारायचा आहे. कारण या प्रश्नाचे उत्तर जगात सगळीकडे सारखे नाही. तुम्ही कुठल्या देशात राहता, तुमच्याजवळ किती पैसा आहे आणि कागदावर तुमचे नाव आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे.

ब्राझीलने केले ते

आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्रजांच्या काळातच दूरवर पोचले होते. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहिले आणि खादीचे काम इथे रुजले. पुढे हाच जिल्हा दुसऱ्या कारणाने देशाला कळला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. त्या दौऱ्यात ते आपल्या वायफड गावीही येऊन गेले.

कापसाला भाव का मिळत नाही, याची कारणे अनेक आहेत. बियाणे, कर्ज, पाणी, सरकारी खरेदीचा घोळ ही सारी खरीच. पण एक कारण आपल्या शिवारापासून हजारो मैलांवर होते. २००१-०२ मध्ये जागतिक बाजारात कापसाचे भाव कित्येक दशकांत नव्हते इतके खाली गेले. त्याच वेळी अमेरिकेचे सरकार आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना वर्षाला ३ अब्ज डॉलरहून अधिक अनुदान देत होते. बाजार पडला तरी तिथला शेतकरी पडत नव्हता. तो पेरत राहिला, त्याचा माल बाजारात येत राहिला आणि भाव आणखी खाली जात राहिले. वर्ध्याचे विजय जावंधिया हे वर्षानुवर्षे लिहीत-बोलत आले आहेत.

ब्राझीलने सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २००४ साली निवाडा मंडळाने ब्राझीलच्या बाजूने कौल दिला, मार्च २००५ मध्ये अपील मंडळाने तो कायम केला. अमेरिकेच्या अनुदानामुळे जागतिक बाजारातला कापसाचा भाव दाबला गेला, हे त्यातून सिद्ध झाले. तरी अमेरिका पुरती वठणीवर येईना, तेव्हा २००९ मध्ये ब्राझीलला प्रत्युत्तराची परवानगी मिळाली. तीही अशी की, ठरावीक मर्यादेपलीकडे अमेरिकी कंपन्यांच्या पेटंटवरही हात टाकता येईल. मग मात्र अमेरिका वाटाघाटीला बसली. २०१० पासून वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर या दराने पैसे द्यायचे तिने कबूल केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट बघा. संघटनेच्या नियमाप्रमाणे तक्रार फक्त सरकारला करता येते, त्यामुळे कागदावर फिर्यादी ब्राझीलचे सरकार होते. पण वकिलांचा खर्च तिथल्या कापूस उत्पादकांच्या संघाने उचलला होता. आणि अमेरिकेकडून आलेले पैसे ज्या कापूस संस्थेकडे गेले, ती याच कामासाठी ब्राझीलमध्ये स्थापन झाली होती. म्हणजे खटला सरकारी, पण त्यामागची ताकद खासगी होती. ही ताकद हजारो एकर जमीन असलेल्या मोठ्या शेतकऱ्यांची होती, हेही विसरू नये.

त्याच खटल्यात बेनिन आणि चाड हे आफ्रिकेतले दोन गरीब देश तिसरा पक्ष म्हणून सामील झाले होते. तिथे कापूस पिकवणारी कुटुंबे आपल्यासारखीच लहान, कोरडवाहू. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी मिळून कापसाचा प्रश्न संघटनेपुढे मांडला. पण स्वतंत्र खटला त्यांनी लढवला नाही. खटल्याचा खर्च झेपणे कठीण, आणि निकाल बाजूने लागला तरी अमेरिकेला झळ पोचेल एवढी बाजारपेठ त्यांच्याजवळ नव्हती. भारतही त्या खटल्यात तिसरा पक्षच होता. म्हणजे जिनिव्हात आपले प्रतिनिधी कापसाच्या खटल्यात बसले होते आणि देवळी, आर्वी, समुद्रपूरच्या कास्तकाराला त्याचा पत्ता नव्हता.

कुणाला दार, कुणाला भिंत

कायदा एकच, पण तो बजावून घेण्याची सोय प्रदेशाप्रदेशाने कशी बदलते, ते थोडक्यात पाहू.

अमेरिकेत १९७४ च्या व्यापार कायद्याच्या कलम ३०१ खाली कोणतीही हितसंबंधी व्यक्ती किंवा कंपनी सरकारकडे अर्ज करू शकते की, अमुक देश आमच्या व्यापारावर अन्याय करतो आहे, चौकशी करा. चौकशी करायची की नाही, हे ४५ दिवसांत ठरवणे सरकारी व्यापार प्रतिनिधीला बंधनकारक आहे. युरोपीय संघाने १९९४ साली असाच नियम केला. तिथले उद्योग, त्यांच्या संघटना आणि कंपन्या त्याखाली तक्रार करू शकतात आणि पुढे युरोपीय संघ ती तक्रार जिनिव्हाला नेऊ शकतो. चीननेही २००२ मध्ये तशी पद्धत घातली. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या देशांच्या कोमेसा या बाजारसंघाचे स्वतःचे न्यायालय आहे. तिथे एका रंग बनवणाऱ्या कंपनीने मॉरिशस सरकारविरुद्ध सीमाशुल्काबद्दल थेट दावा केला आणि २०१३ मध्ये जिंकला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडियन देशांच्या न्यायालयातही खासगी व्यक्तीला सरकारविरुद्ध दाद मागता येते.

आणि आपल्याकडे? दक्षिण आशियाच्या मुक्त व्यापार कराराला असे न्यायालयच नाही. तिथले तंटे सरकारांनी सरकारांशी सोडवायचे. जागतिक व्यापार संघटनेचे दार ठोठावण्यासाठी नागरिकाने आपल्या सरकारकडे अर्ज करावा, असा कायदा भारतात नाही. वाणिज्य मंत्रालयाला निवेदन देता येते. पण त्याला अमुक दिवसांत उत्तर दिलेच पाहिजे, असे बंधन कुणावर नाही. आपण सगळ्याजणी निवेदनांचे काय होते ते जाणतोच.

मग देशातल्या कोर्टात जाऊन 'हा कायदा जागतिक व्यापार कराराच्या विरुद्ध आहे' असे म्हणता येईल का? अमेरिकेने १९९४ च्या कायद्यानेच खासगी व्यक्तीला ती वाट बंद केली. युरोपीय न्यायालयाने १९९९ साली पोर्तुगालच्या दाव्यात साधारण तेच सांगितले. आपल्याकडे हा प्रश्न एका औषध कंपनीने आणला. नोव्हार्टिसने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक औषधाचे पेटंट नाकारले गेल्यावर मद्रास उच्च न्यायालयात दावा केला की, भारताच्या पेटंट कायद्यातले कलम ३(ड) जागतिक व्यापार कराराच्या विरुद्ध आहे. ६ ऑगस्ट २००७ ला न्यायालयाने सांगितले की, हे ठरवण्याचे ठिकाण हे न्यायालय नव्हे, त्यासाठी करारात वेगळी यंत्रणा आहे. त्या निकालाने आपले भलेच झाले. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये आणि देशी औषधाचा ८ ते १० हजार, असा तो फरक होता. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हार्टिसला पेटंट नाकारले. या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था सुरुवातीपासून कंपनीच्या विरोधात उभी होती.

कंपनीला भिंत लागली याचा आनंद आहे. पण तीच भिंत आपल्यापुढेही आहे. फरक एवढाच की, कंपनी आपल्या देशाच्या सरकारचे दार ठोठावू शकते आणि कापूस वेचणारी बाई कुणाचे दार ठोठावणार, हे कुठेच लिहिलेले नाही.

बायकांनी उघडलेली दारे

तरीही हात टेकण्याचे कारण नाही. भारताच्या कायद्यात काही दारे आहेत आणि ती बायकांनी उघडून दाखवली आहेत.

पेटंट कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पेटंट मिळण्याआधी कोणतीही व्यक्ती त्याला विरोध करू शकते. तिने कारखानदार असण्याची गरज नाही. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी क्षयरोगातून वाचलेल्या. जुन्या विषारी औषधांनी दोघींची श्रवणशक्ती गेली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन हे नवे औषध आले, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सनला त्याच्या एका क्षारावर २०२७ पर्यंत चालणारे आणखी एक पेटंट हवे होते. या दोघींनी २०१९ मध्ये हरकत घेतली. २३ मार्च २०२३ ला मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपले आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. पेटंटचा हा सारा डोलारा जागतिक व्यापार करारातून आलेला आहे. त्या करारात जी थोडी मोकळीक ठेवली आहे ती प्रत्यक्षात उतरवली कुणी? दोन रुग्ण बायकांनी.

बियाण्याचेही तसेच. करारामुळे आपल्याला वाणांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. २००१ च्या आपल्या कायद्यात मात्र शेतकऱ्याचा बियाणे ठेवण्याचा, वापरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क कलम ३९ मध्ये राखलेला आहे. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर खटले भरले आणि काही शेतकऱ्यांकडून प्रत्येकी १ कोटीहून अधिक रुपयांची भरपाई मागितली. देशभर ओरड झाल्यावर खटले मागे घेतले. पण कविता कुरुगंटी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. वाणाची नोंदणीच रद्द करा, असा अर्ज त्यांनी केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती रद्द झाली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे हा लढा सरळ जिंकला असे म्हणता येत नाही. पण दावा लढता येतो, एक कार्यकर्ती तो लढू शकते, हे सिद्ध झाले.

आणि विशाखा निकाल तर आपला घरचाच. भंवरीदेवीवर १९९२ मध्ये बलात्कार झाला, त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदा नव्हता. १३ ऑगस्ट १९९७ ला न्यायालयाने स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. आंतरराष्ट्रीय करार भारतीय कोर्टात बाईच्या बाजूने कसा बोलवायचा, हे या देशाला स्त्री चळवळीने शिकवले आहे. त्याच कराराचे कलम १४ ग्रामीण स्त्रियांविषयी आहे. शेतीचे कर्ज, बाजारपेठेच्या सोयी, जमीन सुधारणेत समान वागणूक हे शब्द त्यात आहेत. ते कलम कापसाच्या बाजारासाठी आपण कधी कोर्टात वाचून दाखवले आहे का?

नाव कुणाचे?

इथे मी माझ्या रोजच्या कामाकडे येते. मी वर्धा जिल्ह्यात बचत गटांबरोबर आणि शेतकरी कुटुंबांतल्या विधवांबरोबर काम करते. पराटीच्या शेतात लावण, निंदण, वेचणी ही कामे मुख्यतः बाई करते. सीतादही करून पहिल्या वेचणीला हात लावते तीही बाईच. मागे देवळी तालुक्यात एका बैठकीत मी विचारले की, कापूस विकल्याची पावती कुणाकुणाच्या स्वतःच्या नावाची आहे? हात वर झाले ते दोघींचेच, आणि दोघीही विधवा. बाकीच्यांतली एक म्हणाली, "ताई, वेचाले आमी अन् विकाले थे. आमचं नाव फक्त मजुरीच्या वहीत."

व्यापाराच्या कायद्यात या वाक्याला फार मोठा अर्थ आहे. परदेशी माल फार स्वस्तात किंवा अनुदान घेऊन आपल्या बाजारात उतरला, तर त्यावर जादा शुल्क लावा अशी मागणी देशातल्या उत्पादकांना करता येते. सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या कलम ९ आणि ९-अ मध्ये तशी तरतूद आहे. खासगी पक्षाला जागतिक व्यापार कायदा बजावून घेण्याचे आपल्या देशातले सर्वांत मोठे दार हेच. रसायने, पोलाद, सूत यांचे कारखानदार ते भरपूर वापरतात. डम्पिंगविरोधी शुल्काचा सर्वाधिक वापर करणाऱ्या देशांत भारताची गणना होते. मग कापूस उत्पादकांनी का नाही?

कारण एक, अर्जाला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांकडे देशातल्या एकूण उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा हवा. पाच-सात कारखाने असलेल्या धंद्यात हे एका बैठकीत जमते. लाखो कुटुंबांत विखुरलेल्या पिकात कसे जमावे? कारण दोन, उत्पादनखर्चाचे हिशेब, ताळेबंद, नुकसानीचे पुरावे लागतात, आणि बाईच्या घरच्या श्रमाची नोंद तर कुठल्याच वहीत नसते. कारण तीन, आयात होते ती रुई आणि शेतकरी विकतो तो सरकीसकट कापूस. मग रुईचा 'उत्पादक' कोण, जिनिंगवाला की कास्तकार? अमेरिकेच्या कायद्यात प्रक्रिया केलेल्या शेतमालाच्या बाबतीत मूळ पीक घेणाऱ्यालाही त्या उद्योगाचा भाग धरण्याची स्पष्ट सोय आहे. आपल्या नियमांत 'त्याच्याशी निगडित कोणतेही काम' असे मोघम शब्द आहेत. ते शब्द कापूस उत्पादकांसाठी कुणीतरी लढवून पाहायला हवेत.

आणि हे सगळे जमले तरी चौथे कारण उरतेच. त्या उत्पादकांच्या यादीत बाईचे नाव नसेल. कारण सातबारावर ते नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहिवाटदारांत बायका सुमारे १४ टक्के आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत वाटा देणारी दुरुस्ती केली, २००५ मध्ये ती देशभर झाली. शेतकरी संघटनेने त्याआधी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या. तरी आजचे चित्र काय? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. २०१२ नंतर नवरा गमावलेल्यांपैकी ४० टक्के बायकांना, ज्या जमिनीत त्या राबत होत्या तिच्यावर अजून हक्क मिळाला नव्हता.

हे नाव नसणे रोज नडते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. कापूस महामंडळाला माल द्यायचा तर मोबाइलच्या अॅपवर नोंदणी हवी, आणि नोंदणीला जमिनीचा कागद हवा. फेरफार अडलेली विधवा तो कुठून आणणार? ती गावातच मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला कापूस देते. त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे आपली वेचणी चालू असतानाच. अमेरिकेने भारतीय मालावर लावलेल्या जबर शुल्काने कापड धंदा अडचणीत आला होता, त्याला स्वस्त रुई मिळावी हा हेतू. शिवणकाम करणाऱ्या कामगार बायकांची रोजी वाचावी हे मलाही मान्य आहे. पण एका कामगार बाईला वाचवण्याचा खर्च दुसऱ्या शेतकरी बाईने भरावा, हे ठरवताना त्या दुसरीला विचारायचे कुणी? एक अधिसूचना निघाली आणि विषय संपला.

काही आक्षेप

माझ्या कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, ही संघटनाच मुळात श्रीमंत देशांच्या सोयीची, तिच्या कायद्याखाली दाद कसली मागायची? मला हा आक्षेप समजतो. पण आपण ज्या दंडसंहितेखाली बलात्काराच्या फिर्यादी केल्या तीही इंग्रजांनी केलेली होती. कायदा अपुरा आहे म्हणून आपण फिर्याद थांबवली नाही, आणि फिर्याद करताकरता कायदा बदलायलाही लावला.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. खासगी दावे उघडले तर त्याचा फायदा कंपन्याच घेतील. नोव्हार्टिस आणि पेप्सिको यांची उदाहरणे मीच वर दिली. शिवाय आरोपीच्या पिंजऱ्यात भारतही उभा राहतो. साखरेच्या अनुदानावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी केलेल्या तक्रारीत डिसेंबर २०२१ मध्ये निवाडा भारताविरुद्ध गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापसाच्या हमीभावावरच बोट ठेवले. ज्या हमीभावासाठी आपण भांडतो तोच उद्या गुन्हा ठरू शकतो. म्हणून मी सरसकट दारे उघडा असे म्हणत नाही. कंपन्यांजवळ दारे आहेतच. त्यांचे वकील आहेत, त्यांची सरकारे आहेत. दार नाही ते लहान उत्पादकाला. मागणी त्याच्यापुरती आणि तिच्यापुरती आहे.

तिसरा आक्षेप, जिनिव्हाचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प पडले, अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. साखरेच्या निवाड्यावरचे भारताचे अपीलही तिथेच लटकले. मग आता या सगळ्याचा उपयोग काय? मी म्हणते, वरचे कोर्ट बंद पडते तेव्हा खालच्या दारांचे महत्त्व वाढते. आपले पेटंट कार्यालय, आपला वाण प्राधिकरण, आपले नागपूर खंडपीठ ही दारे जिनिव्हापेक्षा जवळ आहेत.

मग करायचे काय?

माझ्या मते चार गोष्टी.

पहिली, नाव. फेरफाराची प्रलंबित प्रकरणे गावागावात मोजा आणि तहसीलवर न्या. जमीन नावावर नसली तरी शेतीत राबणारी स्त्री शेतकरीच, अशी ओळख कायद्याने द्या. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत आणलेल्या महिला शेतकरी हक्क विधेयकात तिला शेतकरी म्हणून प्रमाणपत्र द्यायची तरतूद होती. ते २०१३ मध्ये बारगळले. ते पुन्हा आणायला लावणे हे आपले काम आहे. व्यापार कायद्यातला 'उत्पादक' हा शब्द आपल्याला लागू व्हायचा तर सुरुवात इथूनच होते.

दुसरी, अर्जाचा हक्क. शेतमालाच्या आयातशुल्काबाबत आणि परदेशी अनुदानाबाबत उत्पादकांच्या, महिला शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या संघटनांना सरकारकडे तक्रार करता यावी, आणि ठरावीक मुदतीत कारणासह लेखी उत्तर देणे सरकारवर बंधनकारक असावे. अमेरिकेत कंपनीला ४५ दिवसांत उत्तर मिळते, तर हिंगणघाटच्या शेतकरी महिलांच्या गटाला का मिळू नये?

तिसरी, असलेली दारे राखणे. मार्च २०२४ च्या नियमांनी पेटंटपूर्व हरकतीला शुल्क लावले आहे आणि ती ऐकून घ्यायची की नाही, हे आधी अधिकारी ठरवणार आहे. ज्या दारातून दोन रुग्ण बायका आत गेल्या ते दार असे हळूहळू अरुंद होते आहे. याविरुद्ध आरोग्य हक्काच्या संघटना बोलत आहेत. त्यांच्याबरोबर आपणही बोलले पाहिजे.

चौथी, अभ्यास. शेतकरी आत्महत्यांवरच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने टाटा समाजविज्ञान संस्थेला अभ्यास करायला सांगितले होते, त्याचा अहवाल २००५ मध्ये आला. म्हणजे कोर्ट माहिती मागते, आणि ती माहिती गावातच असते. एका हंगामात बाईचे किती दिवस पराटीत गेले, किती किलो वेचले, काय भावाने विकले, आयातशुल्क काढले त्या आठवड्यात बाजार समितीचा भाव काय होता, एवढे जरी प्रत्येक गटाने वहीत लिहून ठेवले, तरी तो उद्या पुरावा होईल. समाजकार्याच्या विद्यार्थिनींना क्षेत्रकार्यासाठी याहून चांगला विषय मिळणार नाही.

कौटुंबिक हिंसा हा 'घरातला मामला' आहे असे आपल्याला सांगितले जायचे. आपण ते मान्य केले नाही. आता सांगतात, आंतरराष्ट्रीय व्यापार हा 'सरकारासरकारांतला मामला' आहे. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच: बाईने मध्ये बोलू नये. आपल्या जिल्ह्यात, आपल्या पिकाबाबत तुम्हाला काय अनुभव येतो, सातबारा आणि विक्रीच्या पावतीवर कुणाचे नाव असते, कुणी कधी वाणिज्य मंत्रालयाला अर्ज केला का आणि त्याचे काय झाले, ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहा. आलेल्या पत्रांच्या आधारे पहिला अर्ज आपण सगळ्याजणी मिळून तयार करू.